आतली बाजू

१

सन दोन हजार अठरा. हिवाळा. डिसेंबरचा दुसरा सोमवार.

त्या सकाळी म्हाताऱ्याने शेडचं कुलूप काढलं, फडकं झटकलं आणि काचा पुसायला घेतल्या. एकोणपन्नास वर्षं त्याचा दिवस असाच सुरू होत होता. धंदा एकच, जुन्या मोटारींच्या काचा. मोडीत निघालेल्या गाडीचं दार तो उघडायचा, काच अलगद सोडवायचा, धुवायचा आणि लाकडी घोड्यावर उभी करायचा. ज्या गाड्या बनायच्या बंद होऊन पन्नास वर्षं झाली त्यांची काच कारखान्यात मिळत नाही. ती असल्या शेडमध्येच मिळते. बाजारात त्याला ‘बिनतडा’ म्हणत. त्याच्याकडून गेलेल्या काचेला तडा निघाला नव्हता. त्याच्या शब्दालाही नव्हता.

विक्री आता फोनवर चाले. ते काम सुनेचं. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणार. सून काच पांढऱ्या चादरीपुढे उभी करायची, फोटो काढायची, खाली मापं लिहायची आणि नेटवर टाकायची.

“फोनवरून काचा विकायच्या म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या,” म्हातारा म्हणे.

“मामंजी, त्याच शेळ्यांचं दूध पितोय आपण,” सून म्हणे.

प्रत्येक जाहिरातीखाली त्याने सांगून एक ओळ लिहून घेतली होती. विकलेली काच परत घेतली जात नाही.

आणि प्रत्येक काचेवर त्याची एक खूण असे. काच दारातून काढली की पहिलं काम ते. खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, काच कापायच्या हिरकणीने नखाएवढी रेघ. बसवणाऱ्याला कळावं की ही बाजू माणसांकडे. वापरलेल्या काचेला आत-बाहेर असतं. बाहेरच्या अंगाला धूळ घासते, आतल्या अंगाला माणूस घासतो. ज्या मिस्त्रीकडे तो काम शिकला त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आतली बाजू आतच.” का, ते त्याने सांगितलं नाही. यानेही विचारलं नाही.

२

दुपारी एका दातांच्या डॉक्टरचा फोन आला. सुनेने फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला.

“काका, मागच्या उजव्या दाराची काच हवी. एकसष्टची गाडी. वडिलांची आहे.”

“आहे.”

“घाई आहे हो. मुलीला दमा आहे माझ्या. सात वर्षांची आहे. रोज याच गाडीतून शाळेत सोडतो. दाराला सध्या प्लास्टिक चिकटवलंय, त्यातून गार वारा शिरतो.”

“दुसऱ्या गाडीने सोडा.”

“दुसऱ्या गाडीत तिला उलट्या होतात. हिच्यात नाही होत. आजोबांची जागा म्हणून तिथेच बसते, मागे उजवीकडे.”

“उद्या पाठवतो,” म्हातारा म्हणाला.

शब्द गेला. मग तो घोड्यांपाशी गेला. तसल्या गाडीची काच तिसऱ्या घोड्यावर उभी होती. आठवड्यापूर्वीच भंगारातून आलेली. त्याने ती उचलली, उजेडात धरली आणि तसाच उभा राहिला. काच डावीकडची होती.

म्हाताऱ्याने न बघता शब्द दिला, असं एकोणपन्नास वर्षांत झालं नव्हतं.

सून मागे येऊन उभी राहिली. “त्यांना फोन करून सांगू? नाही म्हणून?”

“नाही म्हणायचं नाही.”

“मग आपल्या गाडीची काढून द्या. तीच गाडी, तेच साल.”

शेडबाहेर त्याची स्वतःची गाडी उभी होती. तिच्या मागच्या उजव्या काचेवर, आतून, मधोमध, बारीक ओरखड्यांचा एक पुंजका होता. म्हातारी तिथे बसायची. गाडी थांबवायची असली की तोंडाने कधी म्हणाली नाही, अंगठीने काचेवर टकटक करायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

“त्या काचेचं नाव काढायचं नाही,” तो म्हणाला.

३

त्या काळच्या गाड्यांच्या दाराची काच सपाट असते. वाक नसतो. डावी काच पालथी केली की उजवीच्या मापाची होते. कुणाला कळत नाही. फक्त आतली बाजू बाहेर जाते.

कारखान्याचा शिक्का मात्र चुगली करतो. कोपऱ्यातली अक्षरं उलटी दिसतात. म्हाताऱ्याने पॉलिशची पावडर ओली केली आणि शिक्का घासायला बसला. दोन तास घासला. मग आपलीच रेघ घासली. मग दुसऱ्या बाजूला हिरकणीने नवी रेघ ओढली. हात सरळ होता. मन नव्हतं.

सुनेने सगळं पाहिलं. फोटो काढताना म्हणाली, “मामंजी, नीट पुसली नाहीत. इथे धुरकट राहिलंय.”

चादरीपुढे उभ्या काचेवर, खालच्या काठाजवळ, तळहाताएवढं गोल धुकं होतं. त्याने फडकं मारलं. तिने फोटो काढला.

“अजून आहे.”

“तुझ्या तोंडची वाफ.”

“मी तर इकडे उभी आहे. हे काचेच्या पलीकडून आहे.”

म्हातारा वाकला. काच आणि चादर यांच्यात चार बोटांची फट होती. त्याने हात घातला. चादर गार होती, काच गार होती. गोल विरून गेला होता.

“बांध,” तो म्हणाला.

४

डॉक्टरचा निरोप आठव्या दिवशी आला. सुनेने स्वयंपाकघरात वाचून दाखवला. काच छान बसली. मुलगी खूश आहे. एक शंका. काचेवर बाहेरून वाफ धरते. आतून धरावी, तर बाहेरून का?

“लिही,” म्हातारा म्हणाला. “दव आहे. फडक्याने पुसा.”

तिने लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, आणि सोबत व्हिडिओ.

दोघं टेबलाशी बसली. फोन दोघांच्या मधे. गाडी बंद गॅरेजमध्ये उभी होती. भर दुपार, वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. गाडीत कुणी नव्हतं, गाडीजवळ कुणी नव्हतं. चित्र मागच्या उजव्या काचेवर स्थिर होतं.

काच स्वच्छ होती. मग खालच्या काठाजवळ, बाहेरच्या अंगाला, एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. विरला. एक हात फडकं घेऊन आला आणि काच पुसून गेला. गोल पुन्हा उमटला, त्याच जागी.

म्हाताऱ्याने तीन वेळा बघितलं. दव पडलं तर सगळ्या काचेवर पडतं. इंजिनाची वाफ असती तर पुढे असती. पाण्याचा नळ जवळपास असेल, गरम पाण्याचा. भिंतीतून जात असेल. त्याने हे मोठ्याने सांगितलं.

“नळाची वाफ थांबून थांबून येते?” सुनेने विचारलं.

“येते कधीकधी.”

ती फोनकडे बघत राहिली. तिचा एक हात स्वतःच्या छातीवर होता.

“मी माझा श्वास लावून बघत होते,” ती म्हणाली. “जुळत नाही. माझा एक होतो तेवढ्यात त्याचे दोन होतात. लहान पोरं झोपेत घेतात ना, तसा.”

“त्याचे म्हणजे कुणाचे?”

सून उठली आणि भांडी घासायला लागली. नळ तिने जरा जास्तच जोरात सोडला.

५

शेडमध्ये जाऊन म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. पहिल्या घोड्यावरच्या काचेपुढे तो उकिडवा बसला आणि तोंडातून वाफ सोडली. गोल उमटला. त्याने बोटं मोजली. पाचाला गोल विरला. पुन्हा, जरा हलकी. चाराला विरला. अगदी हलकी, ओठ पुढे करून, पोरासारखी. दोनाला विरला.

व्हिडिओतला दोनाला विरत होता.

मग त्याने उंची मोजली. गाडीच्या बाहेर उभं राहिलं तर मागच्या काचेचा खालचा काठ मोठ्या माणसाच्या कमरेशी येतो. तिथे तोंड यायला माणूस केवढा असावा लागतो, ते त्याने भिंतीवर हात धरून बघितलं. हात आपोआप खाली घेतला.

चोराच्या मनात चांदणं, तो स्वतःला म्हणाला. काच उलटी दिली म्हणून हे सगळं सुचतंय. काचेला काय कळतं, कुठली बाजू कुठली?

पण ती काच शेडमध्ये आली तेव्हा तिच्या आतल्या अंगावर काय होतं, ते त्याला आता आठवलं. त्याने काच धुतली होती, म्हणून हाताला आठवत होतं. खालच्या काठाजवळ एक जागा बाकीच्या काचेहून गुळगुळीत होती. कुणीतरी तिथे फार दिवस, फार वेळा तोंड टेकवलेलं असावं, तशी.

६

नाताळच्या सुट्ट्या लागून दोन दिवस झाले, तेव्हा डॉक्टरने फोन केला. या वेळी त्याचा आवाज बसलेला होता.

“काका, मला पैसे परत नकोत. परत घेत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मान्य आहे. फक्त एकदा येऊन बघा.”

“मेकॅनिकला दाखवा.”

“दाखवली. ज्याने बसवली त्यालाच बोलावलं. तो गाडीपाशी पाच मिनिटं उभा राहिला. म्हणाला काच चांगली आहे, आणि मी तिला परत हात लावणार नाही.”

“मुलगी कशी आहे?”



“गाडीतच असते,” डॉक्टर म्हणाला. “शाळा नाही तरी जाऊन बसते. काचेला तोंड लावून श्वास सोडते. आतून ती, बाहेरून ते. मी विचारलं, हा कसला खेळ गं? म्हणाली, खेळ नाही बाबा. मी थांबले की तो पण थांबतो. मग त्याला येत नाही. मी सुरू केलं की त्याला येतं.”

म्हाताऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तिला दमा आहे काका. तासन्‌तास असा श्वास सोडत बसली तर काय होणार? काल ओठ निळे पडले. उचलून घरात आणली, तर रडून आकांत करते, म्हणते, सोडा मला, तो गुदमरेल. गॅरेजला कुलूप लावलं, तर खिडकीतून शिरली. आणि आज काच बोटभर खाली होती. म्हणे, बाहेर थंडी आहे, आत घेऊ का त्याला? मी हँडलच काढून ठेवलंय.”

“काच फोडून टाका.”

“हातोडी घेतली होती. मुलगी काचेला पाठ लावून उभी राहिली.”

फोन ठेवल्यावर म्हातारा बाकावर बसून राहिला. सून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“काच पालथी आहे हे सांगितलंत त्यांना?”

“नाही.”

“मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? ते काच बघायला बोलावताहेत. काच कशी दिली ते तुम्हालाच ठाऊक.”

“तोंड आवर.”

“आवरते. तिकडे एक पोरगी तोंड आवरत नाहीये, तिचं बघा.”

ती आत निघून गेली. या घरात त्याला कुणी असं बोललं नव्हतं. बोलणारी एकच होती, आणि तीही अंगठीने बोलायची.

तो उठला. त्याने पाने घेतले, स्क्रूड्रायव्हर घेतला, हिरकणी आणि पॉलिशची पावडर खिशात टाकली आणि आपल्या गाडीचं मागचं उजवं दार उघडलं. आतलं पॅनेल काढलं. रबर सोडवलं. काच दोन्ही हातांनी वर ओढली. ओरखड्यांच्या पुंजक्यावर त्याचा अंगठा आला. तिथे तो क्षणभर राहिला. मग त्याने काच जुन्या चादरीत गुंडाळली आणि पुढच्या सीटवर ठेवली. उघड्या खिडकीला पुठ्ठा लावला.

“जेवून जा,” सून आतून म्हणाली.

“आल्यावर.”

७

तीन तासांचा रस्ता. पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डॉक्टर फाटकात उभाच होता. दाढी वाढलेली. दातांचा डॉक्टर, पण तोंड असं की याचाच दात दुखतोय.

“या काका. आत जाताना आवाज करू नका. ती मोजते.”

“काय मोजते?”

“श्वास.”

गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत गाडी. हिरवी, चकचकीत, मन लावून दुरुस्त केलेली. दुसरी वेळ असती तर म्हाताऱ्याने बॉनेटवर हात फिरवला असता. मागच्या सीटवर मुलगी गुडघ्यांवर बसली होती. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्यात गळपट्टा, सगळं. तोंड काचेला लावलेलं. तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. काचेला आतून तिचा गोल होता.

बाहेरून दुसरा. तिच्याच समोर. तिचा विरला की तो उमटे. तो विरला की तिचा.

म्हातारा काचेपाशी उकिडवा बसला. त्याला वाटलं होतं जवळून पाहिलं की उलगडेल. कुठे फट असेल, कुठे वाफेचा नळ. फट नव्हती. नळ नव्हता. काचेच्या आणि त्याच्या तोंडाच्या मधे एक वीतभर जागा होती. रिकामी.

गोल उमटला. त्या वेळी त्याच्या गालाला काहीतरी लागलं. वारा नव्हे. केसांच्या टोकासारखं, थंड. कुणीतरी त्याच्या आणि काचेच्या मधे उभं असावं, आणि मागे कोण आलं म्हणून मान वळवावी, तसं.

गोल पुन्हा उमटला नाही.

आतून मुलीने त्याच्याकडे बघितलं. तिने श्वास सोडला. थांबली. पुन्हा सोडला. काचेची बाहेरची बाजू कोरडीच राहिली. तिचे डोळे मोठे झाले. ती भराभर श्वास सोडायला लागली, शिट्टी मोठी झाली, आणि तिचे ओठ म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत काळपट पडत गेले.

म्हातारा ताडकन उठला आणि दोन पावलं मागे सरला. त्याने जागा करून दिली, एवढंच त्याला नंतर आठवलं.

काचेवर, बाहेरून, गोल आला.

८

“डॉक्टर,” तो म्हणाला. “ही काच डावी आहे. मी पालथी करून विकली. शिक्का घासला. चूक माझी.”

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिला. “म्हणजे?”

“म्हणजे आतली बाजू बाहेर आहे. हँडल द्या इकडे. पोरीला सांगा, श्वास घ्यायचं काम आता माझं. तिने बसून बघायचं.”

मुलगी गाडीतून उतरायला तयार नव्हती. म्हातारा दारात वाकला. मुलांशी बोलायची त्याला सवय नव्हती. तो मोठ्या माणसाशी बोलावं तसाच बोलला.

“बाई, याची जागा इथे नाही. मी चुकीच्या दारात उभा केला.”

“त्याला आत यायचंय,” ती म्हणाली. दोन शब्दांच्या मधे तिला दम घ्यावा लागत होता.

“माहीत आहे. माझ्या गाडीत येईल.”

“आत?”

“आत.”

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. काचेने कापलेल्या जुन्या खुणांचे हात. मग ती सरकली.

त्याने काच काढली. काढताना ती पूर्ण वेळ आपल्या तोंडासमोर धरून तो हळूहळू वाफ सोडत राहिला. दोनाला विरेल एवढीच, हलकी. डॉक्टर बघत होता. म्हाताऱ्याला त्याची लाज वाटली नाही. काच त्याने आपल्या गाडीला टेकवून उभी केली आणि चादर सोडून म्हातारीची काच आणली. ती उजव्या दारात उतरवली. आतली बाजू आत. हँडल फिरवलं. काच वर गेली आणि रबरात गच्च बसली.

मुलीने तिच्यावर श्वास सोडला. बाहेरून काही आलं नाही. तिने डोकं मागे टेकलं. वडिलांनी दम्याचा पंप तोंडाला लावला, आणि हळूहळू शिट्टी खाली उतरली.

“इथे ओरखडे आहेत,” ती म्हणाली.

“असू दे. टकटक केलीस की गाडी थांबते.”

मग तो गल्लीत, आपल्या गाडीपाशी गेला. मागचं डावं दार उघडलं, त्यातली चांगली काच काढून डिकीत ठेवली. डॉक्टरने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. खिशातला फोन वाजला, सुनेचा. त्याने कानाला लावला.

“काय झालं मामंजी?”

“होतंय. ऐक. या गाडीत मागे आता कुणी बसायचं नाही.”

“का?”

“सांगितलं तेवढं ऐक.”

खोटी रेघ त्याने घासून काढली. मुळात जी बाजू आत होती त्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, हिरकणीने खरी रेघ ओढली. काच डाव्या दारात उतरवली. दार लावलं. आवाज झाला तेव्हा गल्लीत फार शांत वाटलं.

बाहेर उभं राहून त्याने वाट बघितली. काच कोरडी. त्याने बोटं मोजली. दोन. चार. दहा. वीस.

मग आतून, खालच्या काठाजवळ, एक गोल उमटला. मोठा, रुंद. लवकर विरला नाही. पुष्कळ वेळ उभं राहिलेलं माणूस बसल्यावर सोडतं, तसा.

“काका, किती द्यायचे?” मागून डॉक्टरने विचारलं.

“काही नाही. देणं माझं होतं.”

“आणि ती काच? तिचं काय करणार?”

“बसवली,” म्हातारा म्हणाला. तो पुढे जाऊन बसला, आरसा फिरवून छताकडे केला आणि गाडी सुरू केली.

देणं फिटलं.